घरच्या मैदानावरचा एक विजय

२९, टॅनरी स्ट्रीट, स्केलबेक
४ ऑगस्ट १९७५

रेमंड,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही, तेव्हा नुसतंच नाव. फोन करणार होते. पण कोपऱ्यावरच्या पेटीत नाणी टाकत उभं राहायचं आणि तुझ्या बायकोकडून 'ते कामात आहेत' ऐकून परत यायचं, त्यापेक्षा पत्र बरं. पत्र निदान कुणी फोनसारखं मध्येच खाली ठेवत नाही.

बाबांचं दहन होऊन आठवडा झाला. तू आलास, मागच्या बाकावर बसलास आणि घरी हॅम सँडविचची ताटं उघडायच्या आत गाडीत बसून पसार झालास. मैत्रीपूर्ण सामना होता म्हणे. एडिथमावशी सगळ्यांसमोर विचारत होती, मुलगा कुठाय? मी म्हटलं, मुलगा फुटबॉलचा आहे, आमचा नाही.

आता कामाचं. बाबांची राख माझ्याकडे आहे, तपकिरी बरणीत, शेगडीवरच्या फळीवर. हॉस्पिटलमध्ये त्यांनी इच्छा सांगितली ती अशी. त्यांना आपल्या मैदानावर, गिरणीच्या बाजूच्या गोलसमोर, म्हणजे मिल एंडला टाकायचं. पण आपला संघ, टाउन, घरच्या मैदानावर जिंकल्यावर, त्याच दिवशी. हरलेल्या मैदानात नाही. चाळीस वर्षं त्या फाटकावर बसून त्यांनी लोकांना आत सोडलं. पक्षाघातानंतर नऊ वर्षं मी त्यांना चाकाच्या खुर्चीतून मिल एंडच्या भिंतीपाशी नेलं, बर्फात आणि चिखलात. एवढं मागायचा त्यांना हक्क आहे.

टाउनचा मॅनेजर तू आहेस. परवानगी तू काढ आणि विजयही तूच आण.

हिल्डा


स्केलबेक टाउन फुटबॉल क्लब
७ ऑगस्ट १९७५

श्रीमती हिल्डा क्रॅबट्री यांस,

पत्र पोचलं. परवानगी काढली आहे. चेअरमनची हरकत नाही. मैदान राखणारा टेड प्रॉक्टर कुरकुरला. दोन वर्षांपूर्वी कोणा डॉसन आजोबांना तिथे टाकलं होतं, तर गोलसमोर अजून टक्कल आहे, गवत धरत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याची समजूत घातली.

२३ तारखेला मार्लथॉर्पशी आपला घरचा पहिला सामना. गेल्या मोसमात ते लीगच्या चौथ्या, सगळ्यात खालच्या विभागात आपल्याही खाली होते. बरणी घेऊन ये. सहापर्यंत सगळं उरकेल.

अंत्यविधीचं म्हणशील तर, चौदा वर्षं बाबा माझ्याशी बोलले नाहीत. मी टाउन सोडून ऑल्डरशॉकडून खेळायला गेलो तो त्यांच्या लेखी मेलो. पहिल्यांदा पाहुण्या संघातून स्केलबेकला आलो तेव्हा खेळाडूंचं दार सोडून मुद्दाम त्यांच्या फाटकाने गेलो. वाटलं होतं, काहीतरी बोलतील. बोलले. 'पैसे काढ,' म्हणाले. मी काढले आणि त्यांनी ते घेतले. अशा माणसाच्या नावाने सँडविच खाणं मला जमलं नसतं.

आर. बटरवर्थ


टॅनरी स्ट्रीट
२४ ऑगस्ट

रेमंड,

तीन-शून्य. मार्लथॉर्पकडून. ज्यांचा मधला बचावपटू शाळेत भूगोल शिकवतो.

मी बाबांना चौकड्यांच्या पिशवीत घालून, वर गळपट्टा गुंडाळून नेलं होतं. चांगला कोट घातला होता. टेड प्रॉक्टर खुरपं घेऊन तयार होता बिचारा. तिसरा गोल झाला तेव्हा त्याने माझ्याकडे बघून खुरपं परत टोपलीत टाकलं. सहापर्यंत उरकेल म्हणाला होतास ना, साडेतीनलाच उरकलं.

कोणी सांगितलं तुला एकाच आघाडीवाल्याला पुढे ठेवायला? तो पोरगा एकटा तिथे बस चुकल्यासारखा उभा होता. बाबा असते तर त्यांनी खुर्चीतून काठी फेकली असती. मागे फेकलीही आहे एकदा, तुझ्याच दिशेने. तुला वाटलं असेल लाइन्समनसाठी होती.

हिल्डा


क्लब
२० ऑक्टोबर

हिल्डा,

घरी पाच सामने झाले, तीन हरलो, दोन बरोबरीत सुटले. तुझ्या पत्रांनी आठवण करून द्यायची गरज नाही, गुणतक्ता मीही वाचतो. आपण खालून तिसरे आहोत. माझा उजवा बचावपटू दिवसा बेकरीत काम करतो आणि सामन्यात जांभया देतो. डाव्या बाजूच्याला गुडघा नाही. असल्या लोकांना घेऊन मला विजय शिजवायचे आहेत.

परवा किर्कलोशी एक-एक झाला. आपण पिछाडीवरून बरोबरी केली, शेवटच्या मिनिटाला. लोक टाळ्या वाजवत होते, काहींच्या टोप्या वर गेल्या. मी तुझ्याकडे बघितलं. पिशवी घेऊन तू सरळ फाटकाकडे चालू लागलीस. म्हातारा माणूस आहे, बरोबरी चालवून घे ना. टेड म्हणतो, हिवाळा लागला की जमीन गोठते, मग खणता येणार नाही. हा शनिवार चांगला होता.

रेमंड


टॅनरी स्ट्रीट
२३ ऑक्टोबर

रेमंड,

बरोबरी चालवून घ्यायला बाबा काही चेअरमन नाहीत. जिंकल्यावर म्हणजे जिंकल्यावर.

तुला पाहिजे काय ते मला कळतं. डोक्यावरचं ओझं उतरवायचंय. टेडने खड्डा खणला, तू टोपी काढून उभा राहिलास, दोन मिनिटांत बाप संपला. मला नऊ वर्षं लागली, तुला नऊ महिने तरी लागू देत. रोज त्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगात घालताना माझी कंबर गेली. तू नाताळला कार्ड पाठवायचास. त्यावर तुझी सहीसुद्धा बायकोची असायची.

जिंकून दाखव.

हिल्डा


क्लब
८ डिसेंबर

हिल्डा,

हे तू मुद्दाम केलंस. चहाच्या टपरीवरच्या बायकांना सांगितलंस म्हणजे गावाला दवंडी पिटलीस. शुक्रवारच्या पेपरात पिशवीसकट तुझा फोटो आणि खाली 'ईनॉक वाट पाहतोय'. परवा मिल एंडचे हजारभर लोक नव्वद मिनिटं ओरडत होते, 'ईनॉकला गाडा, ईनॉकला गाडा'. आपल्याच बापाच्या नावाने गाव ओरडतंय आणि मी बाकावर बसून ऐकतोय. पाहुण्यांचा मॅनेजर मला विचारतो, हा ईनॉक कोण, नवा आघाडीवाला का?

त्यापेक्षा वाईट म्हणजे क्लाइव्ह सग्डन. तेहतीस वर्षांचा गोलकीपर आहे, कशाला घाबरत नाही, एकदा तुटलेल्या बोटाने खेळलाय. शनिवारी मध्यंतराला माझ्याकडे आला आणि म्हणाला, 'साहेब, तुमचे वडील माझ्या मागे उभे आहेत. मला उडी मारवत नाही.' पहिल्या सत्रात चेंडू त्याच्या डावीकडून गेला तेव्हा तो हलला नव्हता. त्या बाजूला तू होतीस.

तेव्हा ही विनंती नाही, मॅनेजर म्हणून सांगतोय. गोलमागे उभी राहू नकोस. मुख्य स्टँडमध्ये तुझ्यासाठी गादीची खुर्ची ठेवली आहे, फुकट. तिथे बस आणि पिशवी पायाखाली ठेव.

रेमंड


टॅनरी स्ट्रीट
११ डिसेंबर

रेमंड,

मी दहा वर्षांची असल्यापासून मिल एंडला उभी राहतेय. महायुद्धात उभी राहिले, लग्नाच्या दिवशी उभी राहिले, नवऱ्याला, जॉर्जला पुरलं त्या आठवड्यातही उभी राहिले. गादीची खुर्ची तुझ्या चेअरमनच्या बायकोला दे, तिला सामना कुठल्या बाजूला चाललाय ते तरी तिथून दिसेल.

क्लाइव्ह सग्डनला सांग, ईनॉक बटरवर्थने आयुष्यात एकाही गोलकीपरला पाठीमागून त्रास दिला नाही, समोरूनच दिला. आणि तुझ्या माणसांना एका मेलेल्या म्हाताऱ्याची भीती वाटत असेल तर त्यांना जिवंत मार्लथॉर्पची किती वाटत असेल.

पेपरवाल्याला मी बोलावलं नव्हतं. आल्यावर हाकलला नाही, एवढंच.

हिल्डा


क्लब
१८ फेब्रुवारी १९७६

हिल्डा,

काल, मंगळवारी, दिव्यांच्या उजेडात, स्केलबेक टाउन दोन, लँगरिग एक. घरच्या मैदानावर. या मोसमातला घरचा पहिला विजय.

शिट्टी वाजली तेव्हा मी धावत मिल एंडकडे गेलो. छत्तिसाव्या वर्षी, कोट घालून, सगळ्यांसमोर. टेडने आधीच गवताचा चौकोन कापून ठेवला होता. क्लाइव्ह हातमोजे काढून उभा होता. बेकरीवाला पोरगा रडत होता, त्याला कुणी विचारलंही नव्हतं. अर्धं मिल एंड घरी न जाता टोप्या काढून थांबलं होतं. आम्ही थांबलो. दिवे विझवायची वेळ झाली तसा इलेक्ट्रिशियन येऊन दोनदा विचारून गेला.

तू आली होतीस. दुसरा गोल झाला तेव्हा तुला मी भिंतीपाशी डोळ्यांनी बघितलं, पिशवीसकट. मग तू कुठे गेलीस? टपरीवरची बाई म्हणते, शिट्टी वाजायच्या आत तू बस पकडायला निघालीस.

मी त्या गोलसमोर दहा हजारदा हेडर मारले असतील, पण कालच्याइतका मूर्ख कधी दिसलो नव्हतो. काय चाललंय तुझं ते मला लिहून कळव.

रेमंड


टॅनरी स्ट्रीट
२२ फेब्रुवारी

रेमंड,

दुसरा गोल ऑफसाइड होता. निदान एक यार्ड. मी गोलच्या रेषेत होते, तू नव्हतास. बाबांनी तो गोल आयुष्यात मान्य केला नसता आणि मेल्यावर त्यांच्यावर असला विजय लादायची माझी तयारी नाही. सरळ जिंका, मग बघू.

शिवाय थंडी होती, मला खोकला झाला होता. आणि ते सगळे लोक टोप्या काढून. बाबा काय तमाशा आहेत का?

तू धावलास ते कळलं. सगळं गाव सांगतंय. इतकं धावायचं होतं तर जुलैमध्ये धावायचंस, वॉर्ड चौथ्या मजल्यावर होता.

हिल्डा


१४, बीचवुड क्लोज, ऑल्डरशॉ
२९ मार्च

हिल्डा,

पत्ता बघ. क्लबचा कागद नाही. शुक्रवारी चेअरमनने मला काढलं. खालून दुसरे आहोत. मोसम संपताना तळाच्या चारांत असलो तर लीगमध्ये राहू द्या म्हणून इतर क्लबांपुढे मतांची भीक मागायची, आणि गेल्या वर्षी मागून झालेली आहे. दुसऱ्यांदा लोक देत नाहीत. मला काढायला हे कारण पुरेसं होतं. वर चेअरमन म्हणाला, 'आणि ती तुमच्या वडिलांची भानगड, बटरवर्थ, तिच्यामुळे पोरांच्या डोक्यात काहीतरी शिरलं.' मी मान हलवली. खरंच होतं ते.

हे सगळं मी सोसलं असतं. पण परवा आमच्या डाव्या बाजूच्या पोराच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून त्याला भेटायला हॉस्पिटलमध्ये गेलो. शब्द दिला होता, नोकरी गेली तरी. जिन्यात सिस्टर मलव्हेनी भेटल्या. बाबांच्या वॉर्डच्या, आयरिश, उंच. मला ओळखून म्हणाल्या, मग, नेलंत का वडिलांना घरी? मी म्हटलं, अजून एक विजय हवाय. मी वेडा असल्यासारख्या त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

विजयाचं बाबा एक अक्षर बोलले नव्हते. मिल एंडचंही नाही. सिस्टर शेजारी उभ्या असताना त्यांनी तुला सांगितलं होतं, 'रेमंडकडे द्या मला.' तीन शब्द. मी पुढचं ऐकायला थांबलो नाही, गाडीत जाऊन बसलो आणि बराच वेळ मला चावी सापडेना.

आठ महिने. गाव माझ्या बापाच्या नावाने ओरडत होतं, माझा गोलकीपर थरथरत होता, मी नोकरी घालवली, ते तुझ्या डोक्यातून निघालेल्या एका अटीपायी. बाप चौदा वर्षं माझ्याशी बोलला नाही आणि शेवटी बोलला, ते तू माझ्यापर्यंत पोचू दिलं नाहीस. तू माझी बहीण आहेस हे मी कुणाला सांगणार नाही यापुढे.

ती बरणी माझी आहे. मी घ्यायला येतोय.

रेमंड


टॅनरी स्ट्रीट
२ एप्रिल

रेमंड,

हो. असंच म्हणाले. रेमंडकडे द्या.

मी तेव्हा त्यांच्या पायांना तेल चोळत होते. सवयीने. नऊ वर्षं रोज रात्री चोळलं, टाचा फुटतात म्हणून. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघून म्हणाले. मी पायमोजे चढवले आणि बाकीचे कपडे धुवायला घेऊन गेले. जिन्यात बसले थोडा वेळ.

तुला वाटतं मी लबाडी केली. मला वाटतं मी हिशोब केला. ज्याने त्यांना एकदा उचललं नाही, एकदा भरवलं नाही, त्यांची लघवीची बाटली ज्याने बघितलीसुद्धा नाही, त्याला ते आयते मिळणार, आणि मला काय? रिकामी खुर्ची. तिची चाकंसुद्धा कौन्सिलची, ती परत घेऊन गेले. म्हटलं, पाहिजेत ना बाबा, मग मिळव. जिंकून मिळव. तुला जमणार नाही याची मला खात्री होती, तुझा संघ मी दर आठवड्याला बघते.

आणि त्या मंगळवारी जिंकलास. मी सगळ्यांसोबत ओरडले, आणि मग लक्षात आलं की आता द्यावं लागणार. तो गोल ऑफसाइड नव्हता.

मला तुझा राग येतो, रेमंड, लहानपणापासून येतो. तू गेलास आणि तरी ते तुझीच वाट बघत राहिले. शनिवारी पाच वाजता रेडिओवर निकाल लागायचे तेव्हा ते स्केलबेकच्या आधी ऑल्डरशॉचा ऐकायचे. एवढी वर्षं. मी चहा ओतत असायचे आणि मला दिसायचं.

ये आणि घेऊन जा. वकील आणायची गरज नाही. दार उघडं असतं.

हिल्डा


बीचवुड क्लोज
९ एप्रिल

हिल्डा,

वकील मी बघितला होता. तुझं पत्र यायच्या आधीच. तो म्हणाला, साक्षीदार लागेल, तेव्हा मी सिस्टर मलव्हेनींकडे गेलो, की बाबा काय म्हणाले ते लिहून द्या, सहीनिशी. तुला कोर्टात उभं करायचं होतं मला. हे लपवत नाही.

त्या म्हणाल्या, मग सगळंच लिहिते, त्या दिवशी तुम्ही अर्धं ऐकून पळालात. तू मोजे चढवून कपडे धुवायला गेलीस ना, त्यानंतरचं. बाबांनी त्यांना जवळ बोलावलं. त्यांचे शब्द सिस्टरने सांगितले तसे लिहितो. 'पोरगी दमली. नऊ वर्षं मला उचलतेय, एकदा तोंडातून शब्द काढला नाही तिने. मेल्यावर तरी तिच्यावर नको मी. तो नुसता हिंडतोय, त्याला म्हणावं, आता तू ने.' सिस्टर म्हणाल्या, हे तिलाच सांगा की. तर बाबा म्हणाले, 'तिला सांगितलं तर रडत बसेल, आणि जेवायची वेळ झाली.'

हे तुला न कळवता ठेवून द्यावं असं दोन दिवस मनात होतं. तू माझ्याशी जे केलंस तेच तुझ्याशी. पत्र लिहून फाडलं, पुन्हा लिहिलं.

मलाही वाटलं होतं की त्यांना मी हवा होतो. तसं नव्हतं. हमाल हवा होता, आणि तोही तुझ्यासाठी. वाईट वाटलं. तुझ्यासमोर कबूल करायला आणखी वाईट वाटतं. पण रेडिओचं तू लिहिलंस, ते मला माहीत नव्हतं. ते लिहायची तुला गरज नव्हती.

मी न्यायला येईन. कधी ते तू सांग. सांगितलं नाहीस तर राहू दे तुझ्याकडे, मी भांडणार नाही. माझं भांडण संपलं असं नाही, पण त्यावर भांडणार नाही.

रेमंड


टॅनरी स्ट्रीट
१३ एप्रिल

रेमंड,

सांगितलं असतं तर मी रडत बसले नसते. त्यांना काय माहीत. आता बसलेय, दोन दिवस. शेजारच्या मिसेस ओल्डरॉइडला सांगितलं कांदा चिरत होते.

माफीबिफी मागणार नाही. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली असेल, पण त्या संघाने ती तशीही घालवली असती. तुझी ती एका आघाडीवाल्याची मांडणी बघवत नव्हती.

२४ तारखेला डन्सवेलशी शेवटचा घरचा सामना. दीड वाजता माझ्याकडे ये, जेवूनच निघू. फाटकावर आता कोणीतरी नवा पोरगा बसतो, तो तुला फुकट सोडणार नाही. मिल एंडला माझ्या शेजारी उभा राहा आणि मॅनेजरसारखा ओरडू नकोस, लोक हसतील. टेडशी बोलले आहे. तो म्हणाला, गवत गेलं तर गेलं.

बरणी जड आहे. बसमधून उतरताना माझा खांदा भरून येतो, ऑगस्टपासून येतोय. ती तू घे.

जिंकलो नाही तरी चालेल.

हिल्डा